तेलवाल्यांची सून

१० नोव्हेंबर २०१४, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. घरात माझ्याखेरीज तीन माणसं आहेत. त्यांतल्या दोघांना हे सांगता येत नाही, आणि तिसरा निहार, माझा नवरा, ऐकता ऐकता घोरायला लागतो.

झालं असं, की आमच्या गुडगावच्या एजन्सीला नवं गिऱ्हाईक मिळालं. एक तेल कंपनी. तिची जुनी पाइपलाइन आमच्या नोएडाच्या सेक्टरच्या कडेने जमिनीखालून जाते, इथे शेतं होती तेव्हापासून. आता तिच्या शेजारून दुसरी, जास्त मोठी लाइन टाकायची आहे. सेक्टरमधले लोक खवळलेत आणि सगळा राग फेसबुकवर, कंपनीच्या पानावर येऊन पडतोय. त्या पानावर कंपनीच्या नावाने उत्तरं द्यायची, हे माझं काम. माझी बॉस कृतिका म्हणाली की तू तर तिथलीच, तुला सगळं ठाऊक असणार. ठाऊक आहेच. सेक्टरमधला सगळ्यांत खवळलेला माणूस रोज माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवतो.

बाबा, म्हणजे माझे सासरे सुधाकर दाबके, केंद्र सरकारातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि मग हा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. बाल्कनीतून दिसणाऱ्या हिरव्या पट्ट्याकडे बघून घेतला. पट्ट्याखालून तेल वाहतं, हे बिल्डरने सांगितलं नव्हतं. सेक्टरने त्यावर चालायला ट्रॅक केला, सकाळी तिथेच योगासनं होतात, आणि ‘खाली पाइपलाइन आहे, खोदू नका’ असं लिहिलेल्या खांबांचा मुलं स्टंप म्हणून उपयोग करतात.

आज जेवताना बाबा म्हणाले, "तेलवाल्यांच्या पानावर आता गोड गोड उत्तरं यायला लागलीत. पगारी माणूस बसवलाय. असल्यांच्या घशाखाली घास कसा उतरतो कोण जाणे."

माझा तेव्हा घशातच होता. पाणी प्यायले.

गिऱ्हाइकाचं नाव बाहेर सांगायचं नाही, असं मी नोकरीत सही करून दिलंय. पण खरं सांगायचं तर सही नसती तरी मी गप्पच बसले असते. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. लग्न होऊन पुण्याहून इथे आले, आणि कितीतरी वर्षांनी कोणाला तरी ‘बाबा’ म्हणून हाक मारायला मिळाली. ती हाक मला घालवायची नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली चकमक झाली.

बाबा फेसबुकवर सरकारी फाइलवर टिपण लिहावं तसं लिहितात. हिंदीत, आधी विषय, मग पार्श्वभूमी, मग ‘उपरोक्त बाबींचा विचार करता’. खाली पूर्ण नाव, फ्लॅट क्रमांक, टॉवर. बाकीचे लोक लाल तोंडाची चित्रं टाकतात आणि मधेच हे टिपण येतं. पण आजच्या टिपणात त्यांची मधेच गाडी घसरली. ‘लुटारू’, ‘निर्लज्ज’, ‘जनतेच्या जिवावर उठलेले’. सकाळी सहालाच टाकलं होतं. मी तेव्हा त्यांच्याचसाठी आल्याचा चहा करत होते.

ऑफिसात पोचल्यावर मी लिहिलं की आदरणीय सुधाकरजी, आपल्या चिंतेची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. मला हसूही येत होतं आणि रडूही. ही लाइन झाली तर रस्त्यावरचे तेलाचे टँकर कमी होतील, हे मी लिहिलं ते मनापासून. ते खरंच आहे. पण ‘सर्व निकषांचे पालन केले जाते’ हे लिहिताना मला कुठला निकष ते ठाऊक नव्हतं. कंपनीने पाठवलेल्या कागदावर तसं वाक्य होतं, मी ते उतरवलं.

संध्याकाळी बाबांनी माझं उत्तर आईंना, म्हणजे सासूबाईंना, मोठ्याने वाचून दाखवलं. आई मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "भाषा चांगली आहे हो माणसाची." मला बरं वाटलं. काय माणूस आहे मी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस तापाने आडवी होते. आज उठून बसले.

कृतिकाला कळवलं तर म्हणाली की तुझं पान सांभाळायला दुसरं कोणी नाही, राहू दे बंद. परवा दुपारी बाबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, तुझं ऑफिसातलं काम सध्या कोण बघतं? मी म्हटलं, कोणी नाही, तसंच पडून आहे. त्यावर ‘हं’ म्हणाले आणि बराच वेळ तिथेच उभे होते. मग स्वतः जाऊन काढा करून आणला. आई म्हणतात, ह्या माणसाने गॅस पेटवलेला मी पहिल्यांदा बघितला. काढा इतका कडू होता की ताप घाबरून उतरला असावा.

बाबांनाही बरं नाही वाटतं. त्या दिवसापासून त्यांनी फेसबुकवर एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यागीजींचा, म्हणजे सेक्टर कमिटीच्या सेक्रेटरींचा, फोन आला होता. बाबा त्यांना म्हणत होते की समोर कोणी नसताना लिहिण्यात काय अर्थ, दोन दिवस थांबू. वयाप्रमाणे थकवा येतोच. मी आईंना त्यांचं बीपी तपासायला सांगितलं आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

सुटले. बाबा निवळले आहेत.

आता सकाळी सहाची टिपणं बंद. मी ऑफिसात पोचून खुर्चीत टेकते, चहा येतो, आणि मग त्यांचा प्रश्न येतो. शिव्या नाहीत, विशेषणं नाहीत. नुसते प्रश्न, पण एकेक असा की उत्तर दिल्यावाचून गत्यंतर नाही. नवी लाइन किती खोल? गळती झाली तर पहिला फोन कोणाला, आणि तो हिंदीत उचलणार का? मी कंपनीच्या इंजिनिअरांच्या मागे लागून उत्तरं मिळवते. पानावर लोक आता भांडायच्या आधी वाचायला लागलेत. कृतिका खूश. म्हणते, या बुढऊला तू चांगला हाताळलास. मी काहीच केलेलं नाही. बीपीची नवी गोळी लागू पडली असणार.

आणि जेवताना पाइपलाइनचं नावही निघत नाही. परवा आईंनीच विषय काढला तर बाबा म्हणाले, "जेवताना फाइल नको." निहारने मला नंतर सांगितलं की हा क्वार्टरमधला जुना रिवाज. वरच्या मजल्यावर दिनकरकाका राहायचे, ते ऑडिटमध्ये. बाबांच्या खात्याच्या प्रत्येक फाइलवर त्यांचा आक्षेप असायचा. ऑफिसात एकमेकांना असे खरमरीत शेरे मारायचे की शिपाई फाइल द्यायला घाबरे. आणि रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवायची. एवढ्या वर्षांत जिन्यात किंवा जेवताना फाइलबद्दल एक शब्द नाही. एकदा काकूंनी विचारलं म्हणून काकाच पानावरून उठले होते.

माझं नशीब थोर म्हणून हा रिवाज बाबांना नेमका आत्ता आठवला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आजचा प्रश्न मला झेपला नाही.

लाइनवर मधे मधे व्हॉल्व्हच्या खोल्या असतात. काही झालं तर तिथून तेलाचा प्रवाह बंद करायचा. नकाशात आमच्या सेक्टरची नवी खोली दाखवली आहे ती नर्सरी शाळेच्या कुंपणाला लागून. बाबांनी एवढंच विचारलंय की जिथे बिघाड होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, ती जागा सगळ्यांत लहान मुलांच्या शेजारी का?

कंपनीकडून आलेलं उत्तर होतं, सर्व निकषांचे पालन केले जाते. मी ते टाइप केलं आणि पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. ती शाळा मला माहीत आहे. तिच्या फाटकाबाहेर दुपारी आज्या उभ्या असतात.

शेवटी पानावर लिहिलं की हा प्रश्न वरिष्ठांकडे पाठवला आहे. आणि खरंच पाठवला. आठवड्याच्या अहवालात सगळ्यांत वर घातला आणि लिहिलं, याला आपल्याकडे उत्तर नाही, जागा बदलावी. कृतिका चिडली. म्हणाली, आपल्याला उत्तरं द्यायचे पैसे मिळतात, प्रश्न विचारायचे नाही, हे मी पुढे पाठवणार नाही. बरोबर आहे तिचं. मेट्रोत विचार करत आले की हे मी शाळेसाठी केलं की बाबांसाठी. ठरवता आलं नाही. कोणासाठी का असेना, केलं त्याचं वाईट वाटत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार, ऑफिसात

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

आज सकाळी सेक्टरच्या लोकांचं पट्ट्यावर धरणं होतं. बाबा माझ्या आधीच बाहेर पडले. मी मेट्रोत बसले आणि सवयीने कंपनीचं पान उघडलं. त्यागीजींनी तिथे फोटो टाकला होता. धुकं असं की मागचे टॉवर गायब, आणि पुढे बाबा, हातात फलक, डोकं उघडं. मी काही विचार केला नाही. खाली लिहून टाकलं:

"बाबा, केवढं धुकं आहे, कानटोपी घाला. थर्मासमध्ये चहा दिलाय तो सगळा त्यागीजींना पाजू नका."

आणि राजीव चौकला गाडी बदलली. ती गाडी जमिनीखालून जाते, फोनला रेंज नाही. कुतुबमिनारजवळ गाडी वर आली आणि फोन थरथरायला लागला तो थांबेचना. फोनवर कंपनीचंच खातं उघडं होतं. मी कंपनी होते. अबोली नव्हते. देशातल्या एका तेल कंपनीने आपल्या विरोधकाला जाहीरपणे कानटोपी घालायला सांगितलं होतं.

पुसलं. पण तोवर फोटो काढून झाले होते, कोणीतरी हिंदीत अर्थही लावून दिला होता. आधी लोक हसले. मग एकाने विचारलं की दाबकेजींच्या थर्मासमध्ये काय आहे हे कंपनीला कसं ठाऊक? त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, दाबकेजी बिके हुए हैं. त्याखाली चाळीसेक लोकांचे अंगठे.

पुढच्या महिन्यात सरकारी अधिकाऱ्यापुढे हरकतींची सुनावणी आहे. सेक्टरतर्फे बाबा बोलणार आहेत. होते. आज संध्याकाळी कमिटीने तातडीची बैठक बोलावली आहे.

कृतिकाला सगळं सांगितलं. ती म्हणाली घरी जा, उद्या बघू. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. बाबांनी चार दशकं सरकारी नोकरी केली, कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. ते मी दाखवायला लावलं, चहाच्या थर्मासपायी.

२३ डिसेंबर, मंगळवार

काल घरी पोचले तेव्हा आई एकट्या होत्या. बाबा बैठकीला गेले होते. मी चप्पलही न काढता निहारला घेऊन खाली पळाले.

हॉल भरला होता. आम्ही दारातच उभे राहिलो. त्यागीजी म्हणत होते की दाबकेजी, आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे, पण लोक विचारतात, काहीतरी सांगावं लागेल. बाबा उठले. डोक्यावर कानटोपी होती, हॉलमध्ये चांगलं उबदार असताना.

"वह मेरी बहू है," ते म्हणाले. "कंपनी का जवाब लिखना उसकी नौकरी है. सवाल लिखना मेरा काम है. मैंने घर में उससे एक सवाल नहीं पूछा, उसने घर में एक जवाब नहीं दिया. जिसको शक हो वह मेरे सारे सवाल पढ़ ले और बताए, कौन सा नरम था."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबांना माहीत होतं.

मग एक बाई उठली, तिचा मुलगा नर्सरीत आहे. म्हणाली, शाळेशेजारच्या खोलीचं आपल्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं, यांनी विचारलं, आणि कंपनी पहिल्यांदा गप्प झाली. विकला गेलेला माणूस असं विचारतो का? मागे दोघेजण उठून निघून गेले, त्यांचं समाधान झालं नसावं. बाकीचे बसले. सुनावणीत बाबाच बोलणार, हे ठरलं. त्यागीजींचं माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाले, चाय अच्छी थी, बेटा.

निहार खालीच कोणाशी तरी बोलत राहिला. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"नाव बाहेर सांगणार नाही असं लिहून दिलं असशील ना?"

"हो."

"मग बरोबर केलंस. सांगितलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं."

तिथे मला रडू फुटलं, नाक वगैरे गळेपर्यंत. त्यांनी खिशातला रुमाल दिला. जरा थांबल्यावर मी विचारलं की तुम्हाला कधी कळलं. ते म्हणाले, ताप उतरल्यावर थोडे दिवस तरी अंगावर शाल घ्यायची असते, तुम्ही पोरं ऐकत नाही. हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कानटोपीमुळे त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. घास चांगला उतरला.

आज कृतिकाने बोलावलं. कंपनीचं म्हणणं, या मुलीला पानावरून काढा. नोकरीवरून काढा असं म्हणाले नाहीत. उद्यापासून मी गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीचं पान बघणार. गादीविरुद्ध कोणी धरणं धरत नाही. मी इतकी हसले की कृतिकाला वाटलं धक्का बसलाय.

८ जानेवारी २०१५, गुरुवार

सुनावणी झाली. मी रजा टाकून मागच्या रांगेत बसले होते, कोणाचीही नसल्यासारखी. फार हलकं वाटत होतं.

बाबा टिपणातून बोलले, परिच्छेदावर परिच्छेद. अधिकाऱ्याला अशी माणसं रोज भेटत नसावीत, तो पुढे झुकून ऐकत होता. शाळेचा मुद्दा आल्यावर कंपनीचा इंजिनिअर उठला आणि त्याने नवा नकाशा टेबलावर पसरला. व्हॉल्व्हची खोली नाल्यापलीकडे नेली आहे, जिथे वस्ती नाही. म्हणाला, आमच्या एजन्सीच्या अहवालात हा मुद्दा सगळ्यांत वर होता, तो बघून आम्ही पुन्हा मोजणी केली.

म्हणजे कृतिकाने पाठवला होता. मला ओरडून, मग गुपचूप. तिला मेसेज केला, उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.

लाइन येणार आहेच. ट्रॅक काही महिने उखडलेला राहील, तिथे झाडं लावता येणार नाहीत, आणि सेक्टरमध्ये अर्धे लोक आपण हरलो म्हणताहेत. बाबा तसं म्हणत नाहीत. परत येताना त्यांनी रिक्षा थांबवून गाजरं घेतली, हलव्यासाठी, आणि भाव करताना विक्रेत्याशी असे भांडले की मला कंपनीची दया आली.

११ जानेवारी, रविवार

सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "फाइल बंद झाली. आता बोल."

मग जे सुरू झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत. त्यांच्या कुठल्या प्रश्नाला मी इंजिनिअरला किती फोन केले, माझ्या कुठल्या उत्तरावर त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी विचारलं, माझा सगळ्यांत भिकार प्रश्न कोणता? मी भीतभीत सांगितलं, सहाला टाकलेलं ते ‘निर्लज्ज’वालं टिपण, कारण त्यात प्रश्नच नव्हता. रागावले. उठून बाल्कनीत गेले. परत येऊन म्हणाले, बरोबर आहे. निहार म्हणाला, यार, तुम्ही दोघं एवढं बोलता हे मला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

तेलवाल्यांच्या पानावर आता नवीन कोणीतरी बसलंय. बाबांनी खोदकामाच्या तारखा विचारल्या होत्या, तर त्याने ‘सर्व निकषांचे पालन केले जाते’ आणि एक हसरा चेहरा पाठवला. आज त्याखाली बाबांचं टिपण आलं. उतरवून ठेवते, हिंदीचं मराठी करून:

"विषय: उत्तरांचा दर्जा. या पानावर पूर्वी जी व्यक्ती उत्तरे देत असे ती प्रश्न पूर्ण वाचत असे. माहीत नसल्यास माहीत नाही असे लिहीत असे. घरचा दबाव असूनही तिने कामात कसूर केली नाही, व काम असूनही घरात कसूर केली नाही. अशा व्यक्तीशी भांडण्यात समाधान होते. तरी कंपनीने तिला सन्मानाने परत बोलवावे, ही सूचना. सुधाकर दाबके, फ्लॅट क्रमांक ११०४, टॉवर बी."

मला परत जायचं नाही, गाद्या बऱ्या आहेत. पण मी ते पाचसहा वेळा वाचलं, आणि मग मोठ्याने वाचून आईंना ऐकवलं. त्या ऐकून घेत होत्या, हात मटारच्या शेंगेत तसाच.

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "मला एवढं लेखी कधी दिलं नाही."